स्थूलतानिवारक शस्त्रक्रियोत्तर आहार व वजनघट

अतिस्थूल व्यक्तीच्या जठराची धारणक्षमता कमी करून, किंवा अन्नमार्गाची पुनर्रचना करून, शरीराचे वजन घटविण्यासाठी ज्या शस्त्रक्रिया करतात त्यांना स्थूलतानिवारक किंवा बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. मधुमेह, अतिरक्तदाब, निद्राश्वासरोध, यकृतातील मेदसंचय व गुडघ्यांचा संधिविकार या स्थूलतेशी निगडित विकारांतही त्यांमुळे सुधारणा होत असल्याने त्यांना चयापचयी शस्त्रक्रिया असेही नाव आहे. शस्त्रक्रिया एक ते तीन तासांत पूर्ण होते. परंतु तिचे फलित पुढील दीड-दोन वर्षांतील आहारावर आणि त्यानंतरच्या आयुष्यभराच्या निगेवर अवलंबून असते. वजन कोणत्या वेगाने उतरावे, ते मध्येच का थांबते आणि कमी अन्न घेऊनही पोषण कसे टिकवावे, यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

इतिहास : अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९५४ साली लहान आतड्याचा मोठा भाग वगळणारी शस्त्रक्रिया करण्यात आली. तिने वजन उतरत असे. परंतु तीव्र अतिसार, मूत्राश्मरी, यकृताचा ऱ्हास व जीवनसत्त्वांची न्यूनता हे उपद्रव इतके गंभीर होते की, पुढे ती सोडून द्यावी लागली. वजन घटले म्हणजे उपचार यशस्वी झाला असे नव्हे, हा या शाखेला मिळालेला पहिला धडा होय. आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये जठर परिमार्ग शस्त्रक्रिया सुरू केली. १९९४ मध्ये तीच शस्त्रक्रिया उदरदर्शकाच्या साहाय्याने लहान छिद्रांतून करता येऊ लागली व रुग्णाचा रुग्णालयातील मुक्काम दोन ते चार दिवसांवर आला. नलिकाकार जठरोच्छेदन ही शस्त्रक्रिया प्रारंभी अतिजोखमीच्या रुग्णांत पहिला टप्पा म्हणून केली जात असे. तेवढ्यानेच पुरेसे वजन उतरते असे आढळल्यावर ती स्वतंत्रपणे रूढ झाली. महाराष्ट्रात या शस्त्रक्रिया मुख्यतः मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत होतात.

प्रकार व कार्यपद्धती : सर्वसाधारण प्रौढाच्या जठरात एक ते दीड लिटर अन्न मावते. नलिकाकार जठरोच्छेदनात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग काढून टाकतात व केळीच्या आकाराची, १०० ते १५० मिलि. धारणक्षमतेची नलिका शिल्लक ठेवतात. काढलेल्या भागात भूक वाढविणारे घ्रेलिन हे हॉर्मोन मोठ्या प्रमाणात तयार होत असल्याने भूकही मंदावते. जठर परिमार्गात जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलि.ची पिशवी तयार करून ती रिक्तांत्राला (लहान आतड्याच्या मधल्या भागाला) जोडतात. त्यामुळे अन्न ग्रहणीत (लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात) न जाता थेट पुढे जाते. लोह व कॅल्शियम यांचे शोषण प्रामुख्याने ग्रहणी व तिच्या लगतच्या भागात होत असल्याने या प्रकारात त्यांची न्यूनता अधिक आढळते.

पूर्वी या शस्त्रक्रियांचा परिणाम केवळ यांत्रिक मानला जाई. आता असे आढळले आहे की, आतड्यातून स्रवणाऱ्या तृप्तिकारक हॉर्मोनांत वाढ होऊन मेंदूतील भूक व तृप्ती यांच्या नियंत्रणातच बदल होतो. म्हणूनच पुष्कळ मधुमेही रुग्णांची रक्तशर्करा लक्षणीय वजन उतरण्यापूर्वीच, पहिल्या काही दिवसांत, कमी होऊ लागते.

निकष व भारतीय शरीरप्रकृती : वजनाला (किग्रॅ.) उंचीच्या (मी.) वर्गाने भागल्यास शरीरभारांक मिळतो. अमेरिकेत १९९१ साली ठरविलेल्या निकषानुसार शरीरभारांक ४० वा त्याहून अधिक, अथवा सहविकार असल्यास ३५ वा त्याहून अधिक असल्यास शस्त्रक्रिया योग्य समजत. भारतीयांच्या बाबतीत हे आकडे अपुरे ठरले. समान शरीरभारांक असलेल्या यूरोपीय व्यक्तीपेक्षा भारतीयाच्या शरीरात मेद अधिक व स्नायू कमी असतात, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. त्यांनी व ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही शरीरभारांक २२·३ होता. पण शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९·१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१·२ टक्के होते. या विषयातील आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शनानुसार शरीरभारांक ३५ किंवा अधिक असल्यास सहविकार नसतानाही शस्त्रक्रियेची शिफारस करण्यात येते व आशियाई व्यक्तींसाठी २७·५ पासून पुढे तिचा पर्याय देता येतो. भारतीय शरीरात स्नायू मुळातच कमी असल्याने शस्त्रक्रियोत्तर आहारातील प्रथिनांना येथे विशेष महत्त्व येते.

वजनघटीचे मापन : घट दोन प्रकारे मोजतात. पहिल्या प्रकारात मूळ वजनाच्या किती टक्के वजन उतरले ते पाहतात, तर दुसऱ्यात अतिरिक्त वजनाच्या (शरीरभारांक २५ धरून येणाऱ्या वजनापेक्षा जास्त असलेल्या वजनाच्या) किती टक्के उतरले ते काढतात. उदा., १६० सेंमी. उंच व १२० किग्रॅ. वजनाच्या स्त्रीचा शरीरभारांक ४६·९ येतो. शरीरभारांक २५ असताना तिचे वजन ६४ किग्रॅ. असते, म्हणजे अतिरिक्त वजन ५६ किग्रॅ. आहे. तिचे ३६ किग्रॅ. वजन उतरल्यास ही घट मूळ वजनाच्या ३० टक्के, परंतु अतिरिक्त वजनाच्या ६४ टक्के होते. एकच फलित दोन निरनिराळ्या आकड्यांत सांगता येत असल्याने, कोणता आकडा दिला आहे हे लक्षात न घेता दोन रुग्णांची तुलना केल्यास गैरसमज होतो. या स्त्रीचे वजन ८४ किग्रॅ. व शरीरभारांक ३२·८ राहतो. रूढ अर्थाने ती अद्याप स्थूलच असते. तथापि मधुमेह, रक्तदाब व श्वसन यांच्या दृष्टीने हे फलित उत्तम समजले जाते.

वजनघटीचा वेग : घट पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक वेगाने होते, सहा महिन्यांनंतर मंदावते आणि बारा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान वजन नीचतम पातळीला पोहोचते. वर्षअखेर नलिकाकार जठरोच्छेदनानंतर मूळ वजनाच्या सुमारे २५ ते ३० टक्के व जठर परिमार्गानंतर सुमारे ३० ते ३५ टक्के घट सर्वसाधारणपणे अपेक्षित असते. वय, लिंग, प्रारंभीचे वजन, मधुमेह व स्नायूंचे प्रमाण यांनुसार व्यक्तिव्यक्तींत बराच फरक पडतो.

वेग मंदावण्याचे कारण साध्या हिशोबाने समजते. शरीरातील एक किग्रॅ. मेदऊतक सुमारे ७,७०० किकॅ. ऊर्जेशी तुल्य असते. वर उल्लेखिलेल्या स्त्रीचा दैनिक ऊर्जाव्यय प्रारंभी २,२०० किकॅ. व आहारातील ऊर्जा ६०० किकॅ. धरल्यास दररोज १,६०० किकॅ.ची तूट पडते व महिन्यात सुमारे ६ किग्रॅ. मेद खर्ची पडतो. त्यात पाणी व स्नायू यांच्या घटीची भर पडून तराजूवर ८ ते १२ किग्रॅ.चा फरक दिसू शकतो. सहा महिन्यांनी वजन ९५ किग्रॅ.च्या आसपास येते. लहान झालेल्या शरीराचा व्यय १,७०० किकॅ.पर्यंत उतरतो व आहार १,००० किकॅ.पर्यंत वाढलेला असतो. तूट ७०० किकॅ. राहते व मासिक घट पावणेतीन किग्रॅ.वर येते. वर्षानंतर व्यय व आहार जवळजवळ समान होतात आणि वजन स्थिरावते. शिवाय उपासमारीला तोंड देताना शरीर आपला व्यय वजनाच्या प्रमाणाहून काहीसा अधिक कमी करते. म्हणजे वेगाचे मंदावणे हे शस्त्रक्रिया फसल्याचे लक्षण नसून ऊर्जासमतोलाचा अटळ परिणाम होय.

तात्पुरती स्थिरता : पुष्कळ रुग्णांत दुसऱ्या ते चौथ्या आठवड्याच्या सुमारास वजनाचा काटा एक ते दोन आठवडे हलत नाही. यकृत व स्नायूंत ग्लायकोजेन या रूपात सुमारे ५०० ग्रॅ. कर्बोदक साठविलेले असते व त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅ. पाणी बांधलेले असते. पहिल्या दिवसांत हा साठा संपून सुमारे २ किग्रॅ. वजन झपाट्याने उतरते. आहार थोडा वाढताच साठा अंशतः पुन्हा भरतो व परत आलेले पाणी मेदाची प्रत्यक्ष होत असलेली घट झाकून टाकते. अशी स्थिरता पुढेही अधूनमधून येते. या काळात घाबरून आहार आणखी तोडणे, केवळ पाण्यावर राहणे किंवा रेचके घेणे हानिकारक असते. कारण त्यामुळे स्नायूंचा ऱ्हास व जीवनसत्त्वांची न्यूनता वाढते. वजन रोज न करता आठवड्यातून एकदा, त्याच वेळी व त्याच तराजूवर करावे. कमरेचा घेर, चालताना लागणारा दम आणि रक्तशर्करा ही सुधारणेची अधिक भरवशाची गमके होत.

वजनाच्या आकड्याला अवास्तव महत्त्व आल्यास काय होते याचे सर्वज्ञात उदाहरण मुंबईतील आहे. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या एमान अहमद यांना फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणण्यात आले. त्यांचे वजन सुमारे ५०० किग्रॅ. असल्याचे जाहीर झाले होते. प्रथम द्रवाहाराने वजन उतरवून ७ मार्च रोजी त्यांच्यावर नलिकाकार जठरोच्छेदन करण्यात आले. पुढे प्रत्यक्ष किती वजन उतरले याविषयी रुग्णालय व नातेवाईक यांच्यात जाहीर वाद झाला. मेमध्ये त्यांना अबू धाबी येथे हलविण्यात आले व तेथे २५ सप्टेंबर २०१७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. इतक्या प्रचंड स्थूलतेत शरीरात साचलेले पाणी पुष्कळ असते आणि प्रारंभीच्या वेगवान घटीत त्याचा वाटा मोठा असतो. हृदय, मूत्रपिंडे व हालचालींची क्षमता यांची स्थिती केवळ किलोग्रॅमांवरून कळत नाही.

आहाराचे टप्पे : टाक्यांची रेषा भरून येण्यास व सूज उतरण्यास वेळ लागत असल्याने अन्नाचा घट्टपणा क्रमाक्रमाने वाढवितात. कालावधी रुग्णालयागणिक थोडा बदलतो. सामान्य क्रम पुढीलप्रमाणे असतो.

(१) निवळ द्रव : पहिले एक-दोन दिवस पाणी, नारळपाणी, डाळीचे किंवा मूगाचे गाळलेले कढण, पातळ गाळलेले ताक, साखरविरहित फिकट चहा. एका वेळी ३० मिलि.पासून आरंभ करतात. (२) पूर्ण द्रव : दुसऱ्या आठवड्याच्या अखेरपर्यंत सायीविना दूध, ताक, पातळ वरणाचे पाणी, शिजवून गाळलेली भाज्यांची सारे, चिकनचे सूप व दुधात कालविलेले प्रथिनचूर्ण. (३) मऊ लगदा : तिसरा व चौथा आठवडा. घोटलेले मुगाचे वरण, घोटलेली मऊ मूगखिचडी, दही, कुस्करलेले पनीर, मऊ अंडे, घोटलेला दुधी किंवा भोपळा. (४) मऊ घन अन्न : पाचवा व सहावा आठवडा. मऊ शिजविलेली मटकीची वा मुगाची उसळ, पिठले, मासे, बारीक केलेले चिकन, वरणात कुस्करलेली भाकरी. (५) नेहमीचे अन्न : सुमारे सहा ते आठ आठवड्यांनंतर. कच्च्या कोशिंबिरी, साली व बिया असलेली फळे आणि मटण यांचा समावेश सर्वांत शेवटी करतात.

जेवण २० ते ३० मिनिटे पुरवून, प्रत्येक घास लगदा होईपर्यंत चावून घ्यावे लागते. छातीच्या मध्यभागी दाटल्यासारखे वाटताच थांबणे आवश्यक असते. ‘पानात टाकू नये’ ही घराघरांतील शिकवण येथे बाजूला ठेवावी लागते. ताट वाढतानाच लहान वाटीने वाढल्यास हा प्रश्न उद्‌भवत नाही. जेवणाबरोबर व नंतर अर्धा तास पाणी पीत नाहीत; कारण पाण्याबरोबर अन्न लवकर पुढे सरकते, तृप्ती टिकत नाही व काहींना उलटी होते.

प्रथिने : दररोज किमान ६० ग्रॅ. प्रथिने, सर्वसाधारणपणे ६० ते ८० ग्रॅ., मिळाली पाहिजेत. ती न मिळाल्यास शरीर स्नायूंतील प्रथिने मोडून वापरते, अशक्तपणा येतो, पायांवर सूज येते व केस गळतात. काही स्नायूऊतक प्रत्येक रुग्णात घटतेच. पुरेशी प्रथिने व स्नायूंचा व्यायाम यांनी ही घट मर्यादित ठेवता येते. सहा महिन्यांनंतरच्या एका दिवसाचा हिशोब पुढीलप्रमाणे मांडता येईल : दोन अंडी १२ ग्रॅ., दूध ४०० मिलि. १३ ग्रॅ., पनीर ५० ग्रॅ.मधून ९ ग्रॅ., कोरडी मटकी ६० ग्रॅ.ची उसळ १४ ग्रॅ., दही १०० ग्रॅ.मधून ३ ग्रॅ., ज्वारीच्या ५० ग्रॅ. पिठाची भाकरी ५ ग्रॅ. व फुटाणे २० ग्रॅ.मधून ४ ग्रॅ.; एकूण ६० ग्रॅ. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. केवळ भाकरी व पातळ आमटी यांवर ही गरज भागत नाही. आणि पहिल्या काही महिन्यांत, जठरात एवढे अन्न मावत नसताना, प्रथिनचूर्णाचा आधार घ्यावाच लागतो. जेवताना प्रथम उसळ, अंडे किंवा पनीर, नंतर भाजी व शेवटी भाकरी असा क्रम ठेवतात.

कुर्डुवाडी परिसरातील आहार : शस्त्रक्रिया महानगरात होत असली, तरी आहाराचे बहुतेक टप्पे रुग्णाच्या गावी व घरच्या स्वयंपाकघरात पार पडतात. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील कुर्डुवाडी हे मुंबई–सोलापूर लोहमार्गावरील प्रस्थानक या दृष्टीने प्रातिनिधिक गाव आहे. १८९७ पासून बार्शी लाइट रेल्वेमुळे ते नावारूपास आले. लोहमार्गाने ते पुण्यापासून सुमारे १८५ किमी. व सोलापूरपासून सुमारे ८० किमी. अंतरावर आहे. शस्त्रक्रियेनंतर आठवड्याच्या आत घरी परतलेल्या रुग्णाला तज्ञाची भेट घेण्यासाठी एक पूर्ण दिवस व प्रवासखर्च वेचावा लागतो. त्यामुळे पथ्याचा विचार स्थानिक अन्नाच्या आधारेच होणे इष्ट ठरते.

या भागातील मुख्य धान्य रबी ज्वारी होय. गरम मऊ भाकरी वरणात किंवा ताकात कुस्करून सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू करता येते. मऊ पाव व मैद्याचे पदार्थ ओले होऊन गोळा बनतात व जठराच्या अरुंद मार्गात अडकतात. याउलट सोलापूरकडची कडक भाकरी टोस्टप्रमाणे चावताना चुरा होत असल्याने पुढील काळात अनेकदा अधिक सोसते. हुलग्याचे माडगे गाळून, गुळाविना घेतल्यास द्रवाहाराच्या टप्प्यात चालते. मटकी, मूग व हुलगे यांची उसळ हा शाकाहारी व्यक्तींसाठी प्रथिनांचा स्वस्त आधार आहे. शेंगदाण्याच्या चटणीबाबत मात्र सावधगिरी आवश्यक आहे. शेंगदाण्यांत सुमारे २५ टक्के प्रथिने असली, तरी १०० ग्रॅ.तून ५५० किकॅ.हून अधिक ऊर्जा मिळते आणि चटणी सहज गिळली जात असल्याने लहान जठरही तिला अडवू शकत नाही. फरसाण, शेव, आइसक्रीम, बासुंदी व उसाचा रस यांनाही हेच लागू पडते. अशा मऊ किंवा पातळ व ऊर्जाबहुल पदार्थांमुळे शस्त्रक्रियेचा यांत्रिक परिणाम निष्फळ होतो.

पंढरपूर जवळ असल्याने एकादशीचे उपवास या भागात घरोघरी पाळले जातात. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात व स्टार्च भरपूर असतो. खिचडीतील तेल व दाणे यांमुळे ऊर्जा वाढते. उपवास करावयाचाच असल्यास दूध, ताक, दही, पनीर व राजगिरा यांवर भर देणे योग्य ठरते. निर्जळी उपवास, तसेच रमजानचे रोजे, वजन स्थिर होईपर्यंत तज्ञाच्या सल्ल्याविना करू नयेत. पुरणपोळी, श्रीखंड यांसारखी पक्वान्ने परिमार्गानंतर विशेष त्रासदायक ठरतात.

पाणी : दररोज किमान दीड लिटर द्रव आवश्यक असते. पूर्वीप्रमाणे तांब्याभर पाणी एकदम पिणे शक्य नसल्याने ते घोटाघोटाने दिवसभर विभागावे लागते. दर अर्ध्या तासाला ६० मिलि. या प्रमाणात १४ तासांत १,६८० मिलि. पोटात जाते. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते व घामावाटे पाणी झपाट्याने कमी होते. अशा दिवसांत ही मात्रा वाढवावी लागते. शेतात किंवा उन्हात काम करणाऱ्यांनी पाण्याची बाटली सतत जवळ ठेवणे हिताचे असते. लघवी कमी व गडद होणे, उठताना भोवळ येणे ही निर्जलीभवनाची पूर्वचिन्हे होत. वायुमिश्रित पेये टाळतात.

जीवनसत्त्वे व खनिजे : जठरातील अम्ल व आंतरघटक कमी झाल्याने आणि अन्नही थोडे असल्याने पूरक मात्रा आयुष्यभर घ्याव्या लागतात. वजन स्थिर झाल्यावर त्या बंद करणे ही सर्रास होणारी व महाग पडणारी चूक आहे. बहुजीवनसत्त्व-खनिजांच्या रोजच्या गोळीखेरीज पुढील मात्रा सामान्यतः सुचविल्या जातात : कॅल्शियम १,२०० ते १,५०० मिग्रॅ. (विभागून, शक्यतो सायट्रेटच्या रूपात), ड जीवनसत्त्व सुमारे ३,००० आंतरराष्ट्रीय एकके, मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांना व परिमार्गानंतर लोह ४५ ते ६० मिग्रॅ., आणि ब१२ जीवनसत्त्व तोंडाने दररोज ३५० ते १,००० मायक्रोग्रॅ. अथवा महिन्याला १,००० मायक्रोग्रॅ.चे अंतःक्षेपण. लोह व कॅल्शियम एकत्र घेतल्यास शोषण घटते, म्हणून त्यांत दोन तासांचे अंतर ठेवतात. लोहाबरोबर चहाही घेत नाहीत. शाकाहारी भारतीयांत ब१२ची न्यूनता शस्त्रक्रियेपूर्वीच मोठ्या प्रमाणावर आढळते. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेतलेल्यांत ती अधिक असते. तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास पांडुरोग, हातापायांना मुंग्या व पुढे मज्जारज्जूची कायमची हानी होऊ शकते.

उपद्रव व धोक्याच्या सूचना : परिमार्गानंतर गोड खाल्ल्यास दहा मिनिटे ते एक तासात धडधड, घाम, पोटात कळ व अतिसार होतो. अन्न आतड्यात एकदम उतरल्यामुळे निर्माण होणाऱ्या या अवस्थेस डंपिंग लक्षणसमूह म्हणतात. काहींमध्ये एक ते तीन तासांनी रक्तशर्करा फार खाली जाऊन भोवळ येते. गोड वर्ज्य करणे व प्रथिने आधी खाणे हाच मुख्य उपाय होय. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान होणारी केसगळती बहुधा तात्पुरती असते. झपाट्याने वजन उतरल्याने पित्ताश्मरी होण्याचा संभव वाढतो. तो टाळण्यासाठी काही रुग्णांना पहिले सहा महिने अर्सोडीऑक्सिकोलिक अम्ल देतात.

सतत होणारी उलटी ही सर्वांत दुर्लक्षित व सर्वांत घातक सूचना आहे. ब१ जीवनसत्त्वाचा (थायामिनाचा) शरीरातील साठा केवळ दोन ते तीन आठवडे पुरतो. उलट्या चालू राहिल्यास तो संपतो आणि डोळ्यांची हालचाल बिघडणे, तोल जाणे व बुद्धिभ्रंश ही लक्षणे दिसू लागतात. त्वरित उपचार न झाल्यास स्मृतिनाश कायमचा राहतो किंवा मृत्यू ओढवतो. अशक्तपणासाठी गावातील दवाखान्यात ‘ग्लुकोजची बाटली’ लावण्याची पद्धत सार्वत्रिक आहे. परंतु ग्लुकोजच्या चयापचयात थायामीन खर्च होत असल्याने, ते न देता केवळ ग्लुकोज दिल्यास उरलासुरला साठाही संपून मेंदूची हानी अकस्मात वाढते. म्हणून अशा रुग्णास ग्लुकोजपूर्वी किंवा निदान त्याच्या बरोबरीने शिरेवाटे थायामीन देणे अनिवार्य असते. शस्त्रक्रिया झाल्याचे रुग्णाने स्थानिक डॉक्टरांस प्रथमच सांगणे व शस्त्रक्रियेचा प्रकार नोंदविलेला कागद जवळ बाळगणे यांमुळे हा अनर्थ टळू शकतो. पहिल्या आठवड्यांत ताप, नाडीचा वेग मिनिटाला १२० च्या वर, पोटात वा खांद्यात तीव्र वेदना, श्वास लागणे किंवा काळी विष्ठा आढळल्यास जोडातील गळती, रक्तस्राव अथवा फुप्फुसातील रक्तगुठळी यांची शंका घेऊन रुग्णास तातडीने सुसज्ज रुग्णालयात हलवावे लागते.

औषधे व इतर पथ्ये : आहार एकदम घटल्याने इन्शुलीन, रक्तशर्करा उतरविणाऱ्या काही गोळ्या व रक्तदाबाची औषधे पूर्वीच्याच मात्रेत घेणे धोक्याचे असते. त्यांची मात्रा पहिल्या दिवसापासून वैद्यकीय देखरेखीखाली कमी करतात. अंगदुखी-गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांमुळे जोडाच्या जागी व्रण होतात. तंबाखू, बिडी व मिश्री यांचाही त्याग करणे आवश्यक असते. परिमार्गानंतर मद्य रक्तात लवकर व अधिक प्रमाणात चढते व व्यसनाचा धोका वाढतो. वजन घटू लागताच स्त्रीची जननक्षमता सुधारते. परंतु गर्भाच्या पोषणासाठी पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, असे सुचवितात.

दीर्घकालीन फलित : १९८७ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेल्या व्यापक पाहणीत परिमार्गानंतर एक ते दोन वर्षांत सर्वाधिक घट सरासरी ३२ टक्के आढळली, दहा वर्षांनी ती २५ टक्के राहिली. म्हणजे उतरलेल्या वजनाचा काही भाग परत येतो, मात्र बहुतांश घट टिकते. या पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्यांचे मृत्युमान तुलनात्मक गटापेक्षा कमी असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. फिनलंडमधील दहा वर्षांच्या तुलनेत अतिरिक्त वजनातील घट नलिकाकार जठरोच्छेदनात ४३·५ टक्के व परिमार्गात ५०·७ टक्के होती.

वजन पुन्हा वाढल्यास रुग्ण लाजेपोटी तपासणीस जाणे बंद करतो आणि नेमक्या त्याच काळात त्याच्यातील जीवनसत्त्वांची न्यूनता कोणाच्या लक्षात येत नाही. स्थूलता हा दीर्घकालीन विकार असून वजनवाढ हा रुग्णाच्या चारित्र्याचा दोष नव्हे, ही भूमिका उपचारक व कुटुंबीय या दोघांनीही घेणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. अशा वेळी आहाराची फेरतपासणी, व्यायाम, मानसोपचार व आवश्यकतेनुसार औषधे यांचा उपयोग करतात. तृप्तिकारक हॉर्मोनांसारखे कार्य करणारी सेमाग्लुटाइड व टिर्झेपॅटाइड ही स्थूलतेवरील औषधे भारतात २०२५ पासून उपलब्ध आहेत. पहिल्या वर्षी सुमारे दर तीन महिन्यांनी व त्यानंतर दरवर्षी रक्तातील हीमोग्लोबिन, लोह, ब१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, प्रथिने व शर्करा यांची तपासणी करतात. यांतील बहुतेक तपासण्यांचे नमुने तालुक्याच्या ठिकाणीही घेता येतात. त्यांचे अहवाल शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयास दूरध्वनीवरून वा संगणकीय माध्यमाने कळविल्यास प्रत्येक वेळी प्रवास करण्याची गरज उरत नाही.